मुंग्यांनी नेलेला बर्फ

माझ्या आईने बर्फ पाहिला होता तो फक्त तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, सोडावाल्याच्या पेटीत, लाकडाच्या भुशात ठेवलेला. बर्फ म्हणजे भुसा धुऊन टाकायचा, सुतळीला बांधून घरी आणायचा आणि वितळायच्या आत सरबतात घालायचा, एवढंच तिला ठाऊक. माझा थोरला भाऊ सैन्यात होता आणि वर्षातले कित्येक महिने बर्फातच राहत होता. आई त्याची कल्पना कशी करत असेल देव जाणे. मला वाटतं, एक भलीमोठी सोडावाल्याची पेटी आणि तिच्यात आमचा अण्णा उभा.

अण्णा स्वतः काही सांगेल तर शपथ. सुटीवर आला की आई पहिल्याच जेवणाला विचारी, "तिकडें कसं रे असतं?" तो म्हणे, "थंडी असते आई," आणि ताटातल्या आंबट वरणात मान घाली. अप्पांनी विचारलं तर तेवढंही नाही. अप्पा वीज खात्यातून निवृत्त झालेले, मुळात कमी बोलणारे. बापलेक तिण्णैवर, म्हणजे आमच्या घरासमोरच्या ओट्यावर, तासन्‌तास गप्प बसत आणि दोघांनाही ते आवडे. माझा मात्र जीव जाई.

त्या वर्षी आईला उत्तर पाहिजे होतं. येत्या मार्चमध्ये अण्णाची पंधरा वर्षं पुरी होत होती. पेन्शन घेऊन घरी यायचं, की नोकरी वाढवून घेऊन आणखी काही वर्षं तिकडेच काढायची, हे त्याने ठरवायचं होतं आणि नवरात्राच्या सुटीत येऊन तो ते सांगणार होता. आईने तिच्यापुरतं कधीच ठरवून टाकलं होतं. पोरगा घरी आला पाहिजे. बाकी तिला जगात दुसरं काही नको होतं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. बाजारात, देवळात, पाण्याच्या नळावर ती सगळ्यांना सांगत सुटली होती की मार्चमध्ये मुलगा कायमचा येतोय. पत्ता नाही कशाचा आणि गावभर दवंडी!

आता माझ्याविषयी थोडं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, लग्न झालं नव्हतं, आणि मला एक नाद लागला होता जो आमच्या गल्लीत कोणालाच समजत नव्हता. त्या वर्षांत देशाची दारं उघडली होती आणि आमच्यासारख्या गावातही काय काय येऊ लागलं होतं: केबलचा टीव्ही, रंगीत डब्यांतली थंड पेयं, परदेशी चॉकलेटं. शाळेच्या कामासाठी चेन्नईला गेले असताना मला एका बाजारात प्लास्टिकच्या खेळण्यांचे खोके दिसले. आत सुटे भाग; कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पहिलं विमान केलं आणि मी कामातून गेले. आमच्या गावची देवांची चित्रं रंगवायला मी लहानपणी शिकले होते, ती बारीक कुंचली हाताशी होतीच. शेजारणी आईला म्हणत, "मुलगी बाहुल्या खेळते अजून." आई म्हणे, "खेळेना का, तुमच्या घरी येऊन तर खेळत नाही!" आई अशी होती.

त्याच बाजारातून मी एक रणगाडा आणला आणि त्याच्याबरोबरचे सहा शिपाई, पांढरे हिवाळी कोट घातलेले. खोक्यावरच्या चित्रात बर्फात बुडालेलं पाइनचं रान होतं. आईने ते चित्र हातात घेतलं आणि पुष्कळ वेळ सोडलंच नाही.

"हें असं असतं तिकडें?" तिने विचारलं.

"हे परदेशातलं आहे. पण साधारण असंच असेल."

"मग हेंच करूं. कोलूला."

कोलू म्हणजे आमच्याकडचं नवरात्र. तमिळ घरांत असतात तशा आम्हा तंजावूरच्या मराठी घरांतही पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात. वर देव, खाली राजाराणी, वाणी-वाणीण. सर्वांत खाली जमिनीवर वाळू पसरून एक देखावा करायचा, त्याला सगळे 'पार्क' म्हणतात. राईचे दाणे पेरून हिरवं शेत, आरशाचं तळं, त्यावर हंस, एखादी आगगाडी. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येतात, कोलूसमोर बसून गाणं म्हणतात, सुण्डल म्हणजे उसळ खातात आणि तांबूल घेऊन जातात. तर त्या जागी आईला रणगाडा आणि बर्फाचं रान पाहिजे होतं. मी विचारलं, हे काय खूळ? तर तिने मला बाजूला घेऊन, अप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं, "त्याला बर्फ आवडत असेल तर इकडेंच करून ठेवूं. मग तिकडें कशाला जाईल?"

या तर्कापुढे मी हात टेकले. शिवाय खरं सांगायचं तर मला रान करायचंच होतं.

थर्माकोलच्या पाट्या लग्नाची सजावट करणाऱ्याकडून आणल्या आणि तापवलेल्या पात्याने कापून त्यांचे चढउतार केले. झाडांसाठी आमच्याकडे पाइन कुठला? पण तिरुवैयारुच्या वाटेवर सुरूची झाडं आहेत. त्यांच्या फांद्यांचे शेंडे छाटून आणले, डिंकाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवले. सुया आखडून अगदी पाइनसारख्या दिसू लागल्या. नारळाच्या वाळलेल्या फुलोऱ्याची निष्पर्ण झाडं झाली. शिपाई माझ्या अंगठ्यापेक्षा किंचित मोठे. त्या मापाने झाडं हातभर उंच हवी होती, ती मी तशी केली, आणि आईने विळीवर धरून सगळी निम्मी केली. का? तर मागच्या पायरीवरची लक्ष्मी झाकली जात होती. मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही.

शिपायांचे चेहरे मी खोक्यावरच्या चित्राबरहुकूम गुलाबी केले होते. आई म्हणाली, "हे कोण गोरे? आपले कर." मग सहाही जणांना आमचा रंग दिला आणि मिशा काढल्या. आरशाचं तळं आणि हंस काढायचे नाहीत म्हणून तिने हट्ट धरला. एका झाडाखाली पिल्लैयार म्हणजे आमचा गणपती बसला, कारण झाड आहे तर त्याखाली तो असणारच. चहाची टपरी मात्र मी होऊ दिली नाही. इथे माझी सहनशक्ती संपली.

आणि मग बर्फ. मी म्हटलं, खडूची पूड आणि डिंक. आमचे चित्रकार देवांचे दागिने उठवायला तेच वापरतात, वर्षानुवर्षं हलत नाही. आई म्हणाली, "देवापुढें खडू? दारांत तरी आपण दगडाची पूड घालतों का?" आमच्याकडे अंगणातलं कोलम, म्हणजे रांगोळी, तांदळाच्या पिठाचं. दगडाच्या पुडीचं घालणाऱ्या घरांविषयी आईचं मत मी इथे लिहीत नाही. तर बर्फ तांदळाच्या पिठाचा झाला. चाळणीने तो मी रानावर पाडला आणि पाडताना मला स्वतःलाच कुठेतरी दूर गेल्यासारखं वाटलं. काडीने शिपायांच्या पावलांचे ठसे उठवले, रणगाड्याच्या चाकोऱ्या ओढल्या. इतकं सुंदर काही मी त्याआधी केलं नव्हतं. आजही डोळे मिटले की ते रान पहिल्या संध्याकाळी जसं होतं तसं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो रानाच्या मधोमध एक काळी रेघ. मुंग्या! बाहेर पाऊस, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या मुंग्या घरात, आणि त्यांना आम्ही पायलीभर तांदळाचं पीठ अंथरून दिलेलं. अंगणातल्या कोलमचं पीठ मुंग्यांनी खावं म्हणूनच तर घालतात. हे मला, विज्ञानाच्या मास्तरणीला, आदल्या रात्री सुचलं नव्हतं. मी औषधाची पूड आणायला निघाले तर आई आडवी आली. "नवरात्रांत जीव मारशील? खाऊं दे. देवीकडे आलेल्या पाहुण्या त्या."

झालं. रोज मुंग्यांनी बर्फ न्यायचा आणि रोज मी चाळणी घेऊन नवा पाडायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका रणगाड्यासमोर बसून देवीची गाणी म्हणत आणि डोळा मात्र मुंग्यांच्या रांगेवर ठेवत. या धांदलीत माझा एक शिपाई नाहीसा झाला. पाचच उरले. एका पाहुणीच्या पोराने खिशात घातला असणार म्हणून मी दोन दिवस त्या घराचा उद्धार करत होते.

सहाव्या दिवशी अण्णा आला. हातपाय धुऊन कोलूपुढे नमस्काराला वाकला आणि तसाच राहिला. मग हसायला लागला. पिल्लैयारकडे पाहून हसला, हंसांकडे पाहून हसला, मिशांकडे पाहून तर त्याला खाली बसावं लागलं. इतका हसताना मी त्याला कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं.

दुपारी तो आपणहून माझ्याशेजारी येऊन बसला. "बुंध्याला बर्फ असा चिकटत नाही ग. झाडाभोवती खळगा पडतो." बोटाने त्याने एकेका झाडाभोवती खळगा केला. "वारा एका अंगाने येतो, म्हणून त्याच अंगाला फांद्या भरतात." फुंकर घालून दुसऱ्या बाजूचं पीठ उडवलं. आरशावरचे हंस काढून माझ्या हातात दिले, आरशावर पातळ पीठ भुरभुरवलं आणि तळं गोठलं. शिपाई मी पसरून उभे केले होते, ते त्याने एकामागे एक लावले. "सगळे एकाच्याच पावलांत पाय ठेवतात. पुढचा वाट करतो." अर्ध्या तासात त्याने माझं खेळणं खरं करून टाकलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मला खूण करून म्हणाली, "रमला!"

तिला वाटलं, डाव साधला. रात्री वाढताना तिने विचारलंच, "मग? काय ठरवलंस?"

"वाढवून घेतों, आई. अजून पांच वर्षं."

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. पुढचे दोन दिवस तिने कामापुरतंच तोंड उघडलं. कोलूपुढे गाणी होत होती, सुण्डल वाटलं जात होतं, आणि घरात मात्र कुणी आजारी असावं तसं चाललं होतं. मला अण्णाचा राग आला. पिल्लैयारवर हसायला येतं तुला, आणि आईचा चेहरा दिसत नाही, असं मी त्याला ओट्यावर गाठून ऐकवलंही. तो म्हणाला, "तुला कळायचं नाही." मग तर मी भडकलेच.

नवव्या दिवशी सरस्वतीपूजा. त्या दिवशी घरातली पुस्तकं आणि हत्यारं देवापुढे ठेवतात. वाचायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही, त्यांनाही एक दिवसाची विश्रांती. अप्पांचे पाने-पक्कड, माझी कुंचली, पातं, डिंक, इतकंच काय चाळणीसुद्धा आईने पूजेत ठेवली. रणगाडा हे वाहन म्हणून त्याच्या तोफेला गंध-कुंकू लागलं. आणि त्यामुळे त्या दिवशी बर्फ पाडायला कोणीच नव्हतं. मुंग्यांना सबंध दिवस मोकळा मिळाला. संध्याकाळी दिवा लावताना रान जवळजवळ उघडं पडलं होतं. थर्माकोल दिसत होता, बुंध्यांच्या तळाचा डिंक दिसत होता.

आईच आधी वाकली. "अय्यो, हा इथेंच होता की!" म्हणाली. सहावा शिपाई. उतारावरून पडून पिठाखाली गाडला गेला होता आणि आता पीठ सरल्यावर पालथा पडलेला दिसत होता, एक हात पुढे. आईने तो उचलला, पदराने पुसला आणि दोन दिवसांचा अबोला विसरून हसत अण्णापुढे धरला. "बघ रे, सांपडला तुझा!"

अण्णाने तो घेतला नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याचा चेहरा असा झाला की अप्पा ओट्यावरून उठून आत आले.

मग तो बोलला. सगळं नीट सांगितलं, जणू कोणी हुकूम दिला होता. त्याच्या तुकडीत पापनाशमजवळच्या खेड्यातला एक मुलगा होता, भातशेती करणाऱ्या घरातला, त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. दोघेही तंजावूरकडचे म्हणून एकत्र सुटी घेत, एकत्र येत. अण्णा एकदा त्याच्या घरी जेवला होता. निघताना त्याच्या आईने दोघांच्या कपाळाला विभूती लावली आणि सांगितलं, बरोबर जाता, बरोबर या. दोन वर्षांपूर्वी बर्फाचा कडा सुटला. पुढे वाट करणारा तोच होता. दिवसच्या दिवस शोधलं, सापडला नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला तेव्हा अण्णालाच दिसला, असाच, पालथा.

"त्याच्या घरीं तू गेला होतास नंतर?" आईने विचारलं.

"नाहीं. जमलं नाहीं. दोनदां सुटीवर आलों, बसस्टँडपर्यंत गेलों आणि परत आलों. गाडींत पापनाशम आलं कीं मी खिडकी लावून घेतों. इथें येऊन कायमचा कसा राहूं, आई? ती माउली तासाभराच्या वाटेवर आहे. बाजारांत भेटेल, देवळांत भेटेल. तिच्यापुढें एकटा कसा उभा राहूं? तिकडें बर्फांत राहणं सोपं आहे."

मला माझे ओट्यावरचे शब्द आठवले आणि जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं. आईने शिपाई हळूच पायरीच्या कडेला उभा करून ठेवला. मग डोळे पुसून ती एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्यां विजयादशमी. चांगला दिवस. तिला कोलूचं तांबूल द्यायचं राहिलंय."

सकाळी पूजा उतरवून, माझी कुंचली माझ्या हातात देऊन ती तयार झाली. पिशवीत नारळ, पानसुपारी, हळदकुंकू, एक चोळीचा खण आणि डबाभर सुण्डल. अण्णा उंबऱ्यात घुटमळला तर त्याचा दंड धरून म्हणाली, "तू कांही बोलूं नकोस. मी आहे." तिशी उलटलेल्या फौजी माणसाला ती शाळेत पोचवायला न्यावं तशी घेऊन गेली, आणि मीही मागोमाग बसमध्ये चढले. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली शेतं होती. अण्णाने खिडकी उघडी ठेवली होती.

ती बाई अंगणात भाताची पोती झाकत होती. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. अण्णाला पाहून तिने ओळखलं हे आम्हाला कळलं, कारण पोत्यावरचा कागद तिच्या हातातून सुटला. ती आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, त्याच्या हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. मग तमिळमध्ये म्हणाली, "एवढे दिवस का लावलेस, बाळा? मी तर तूही गेलास असं समजत होते."

अण्णा तिच्या पायांशी बसून रडला. माझी आई तिच्याशेजारी ओट्यावर बसली, तिला हळदकुंकू लावलं, तांबूल तिच्या ओटीत घातलं. दोघी काही ओळखीच्या नव्हत्या. पण पाहणाऱ्याला बहिणी वाटल्या असत्या. जेवण होईपर्यंत ती बाई त्याला बर्फाबद्दल विचारत राहिली. बर्फ हाताला कसा लागतो, त्यावर झोपतात कसे, झाडं कसली असतात. आमच्या आईला इतक्या वर्षांत जे मिळालं नव्हतं ते सगळं तिला मिळालं आणि आई कान देऊन ऐकत होती. शेवटी त्या बाईने विचारलं, "त्याला दुखलं असेल का रे?"

"नाही अम्मा," अण्णा म्हणाला. "झोप लागते तशी लागते."

ते खरं होतं की नाही, मी त्याला कधी विचारलं नाही.

सुटी संपून तो गेला. नोकरीचं काय ठरवलं हे आईने विचारलं नाही, त्यानेही जाताना सांगितलं नाही. गावातली तिची दवंडी बंद झाली. फेब्रुवारीत तार आली, की कायमचा येतोय, अमुक दिवशी, अमुक गाडीने.

त्या सकाळी आईने निम्मी गल्ली स्टेशनावर नेली. आरतीचं ताट, हार, मी, अप्पा, शेजारणी. चेन्नईची गाडी कुंभकोणम, पापनाशम करत आमच्याकडे येते. ती आली, माणसं उतरली, पांगली. अण्णा उतरला नाही. एका डब्यातून एका अनोळखी माणसाने त्याची लोखंडी ट्रंक आणि वळकटी खाली दिली आणि म्हणाला, "तुम्हीच ना? ते पापनाशमला उतरले. सामान तुम्हाला द्यायला सांगितलंय."

गाडी पुढे गेली. शेजारणी आईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. पंधरा वर्षं वाट पाहून शेवटी ट्रंक हातात आली, आता ही काय करते, म्हणून मीही तिच्याकडे पाहत होते. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिने ताटातल्या दिव्यावर हात धरला, वारा लागू नये म्हणून, आणि मला म्हणाली, "चल ग. पोचला तो घरीं."